फोन कोण उचलणार?

त्या चाकावर दोन हात एकदमच पडले.

एक हात शिवांजलीचा, मनगटाला ग्रीस लागलेला. दुसरा कुणाचा हे बघायला तिनं मान वर केली... आणि मग गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ ती वर ठेवली.

सांगलीतलं रहिमानचाचांचं गोडाऊन म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यांची आतडी ढिगानं रचून ठेवलेली जागा. बाहेर परतीचा पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता, आणि आत हे दोघं बशीएवढ्या एका चाकाला धरून उभे. कॉम्प्युटरच्या हुकमावर लोखंड कापणाऱ्या सीएनसी मशीनचं टेबल हातानं पुढं-मागं सरकवायचं चाक ते. नवीन कुठंही मिळतं, पण जुन्याची मजा ज्याला कळते त्यालाच कळते.

"सोडा," ती म्हणाली.

"मी आधी बघितलं."

"मी आधी धरलं."

"धरलंय तर मीपण. आणि माझी पकड बरी आहे."

"दिसतंय ना. चाक राहिलं बाजूला, तुम्ही माझं बोट धरलंय."

शॉक बसावा तसा त्यानं हात मागं घेतला. रहिमानचाचा गल्ल्यावरून खदखदून हसले.

"आरं जयराज, तुझं सोताचं कंचं मशीन बंद पडलंय? न्हाई न्हवं? मग दे त्या ताईला. साताऱ्यास्नं आलीया बिचारी."

"बिचारी नाही वाटत," जयराज म्हणाला. पण चाक त्यानं दिलं, रुमालानं पुसून दिलं.

हा जयराज जुन्या सीएनसी मशीनना नवे कंट्रोल बसवायचा. वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत. त्या पिवळ्या धुरळ्यापासून पळून हा मशीनच्या तेलात जाऊन पडला होता, तरी कॉलरला हळदीचा वास यायचाच. शिवांजलीला तो आला, आणि आवडला. हे मात्र तिनं त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नाही.

"काय झालंय मशीनला?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. साताऱ्याच्या एमआयडीसीत तिच्या आप्पांची, म्हणजे वडील दादासोंची, छोटी शेड. आप्पांनी घेतलेलं पहिलं सीएनसी मिलिंग मशीन पावसाळ्याच्या तोंडावर आंधळं झालं. स्क्रीन काळी, आतला कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, जळून कोळसा. आप्पा बोलून मोकळे झाले होते, "खंडेनवमीला आमी चालत्या मशीनची पूजा करतो, मेलेल्याची न्हाई. तवर सुरू केलंस तर शेड तुझी. न्हाई तर मशीन भंगारात, आन् शेड पापडवाल्याला भाड्यानं."

"म्हणजे तुम्ही विरुद्ध पापड," जयराज म्हणाला.

तिला हसायचं नव्हतं. पण हसली.

दोन दिवसांनी तो साताऱ्याला हजर. शेडच्या दारातून अजिंक्यतारा धुक्यात अर्धा बुडालेला दिसत होता. जयराजनं मशीनला एक फेरी मारली आणि डॉक्टरासारखा चेहरा केला.

"सगळं काढू. मोटारी, ड्राइव्ह, वायरिंग. कंपनीचा नवा कंट्रोलर आणि त्याच्याच नव्या मोटारी. कटकटच नको."

"मोटारींनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"जुन्या आहेत."

"आमचे आप्पाही जुने आहेत. काढायचे?"

"ऐकू येतंय मला," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आप्पा म्हणाले.

शिवांजली बाहेर गेली, आपल्या स्कूटीची बॅटरी काढून आणली आणि एका मोटारीला दोन वायरी टेकवल्या. मोटार फिरली, अगदी लोण्यासारखी. जयराज गुडघ्यावर बसला, कान जवळ नेला. बराच वेळ तसाच...

"बेअरिंगचा आवाजसुद्धा नाही," तो हळूच म्हणाला. "कुठं शिकलात हे?"

"व्हिडिओ बघून. आणि फ्यूज जाळून."

"बरं, मोटारी ठेवू. मग तो स्वस्तातला तयार कंट्रोलरचा डबा बसवू. लय खपतो हल्ली."

"तो नुसता हुकूम सोडतो. एवढी पावलं चाल म्हणतो, पोचलीस का ते विचारत नाही. आमच्या मोटारींच्या मागं एन्कोडर आहेत, कुठं पोचलो ते सांगणारे. ते ऐकून घेणारा कंट्रोलर पाहिजे मला."

"ऐकून घेणारा..." जयराजनं मान हलवली. "बाजारात कमी मिळतात."

"माहीत आहे. तीन स्थळं बघून झालीत माझी."

आप्पांना एकदम खोकला आला.

तिचं आधीच ठरलं होतं. साधा कॉम्प्युटर, त्यात मोटारी फिरवणाऱ्या जुन्या ड्राइव्हशी बोलणारं एक कार्ड, आणि जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं फुकटचं सॉफ्टवेअर. जयराजनं कपाळाला हात लावला.

"अहो, त्याच्यामागं कंपनी नाही, सर्व्हिसचा माणूस नाही. उद्या बिघडलं तर फोन कोण उचलणार?"

शिवांजली त्याच्याकडं बघत राहिली. पाऊस थांबला होता, पन्हाळीतून एकेक थेंब गळत होता.

"तुम्ही," ती म्हणाली.

"मी? ...रविवारीसुद्धा?"

"मशीनला रविवार कळत नाही."

तो जमिनीकडं बघून हसला. "मागवा कार्ड."

मग काय, सांगली-सातारा रस्ता त्याच्या मोटारसायकलला पाठ झाला. तो वायरींच्या टोकांना टोप्या दाबायचा, ती वायरींवर नंबर चढवायची. कंट्रोल पॅनेलच्या पेटीत एकाच वेळी डोकावताना डोकी आपटायची, आणि दोघंही सॉरी म्हणताना अजिबात सॉरी दिसायचे नाहीत. मधूनच तिचा फोन जायचा.

"हॅलो, काय बिघडलं?"

"काही नाही. उचलताय का बघत होते."

"उचलला की."

"पहिल्या रिंगला नाही उचलला."

पुढच्या वेळेपासून तो पहिल्या रिंगला उचलू लागला.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी मशीन जागं झालं. स्क्रीन उजळली, टेबल सरकलं, शिवांजलीचे डोळे भरले... आणि तिथंच गाडं अडलं. सुरुवातीला प्रत्येक दिशेला मशीननं आपल्या ठरल्या जागी, होमला, जाऊन थांबायचं असतं. उभ्या दिशेला, म्हणजे झेडला, ते दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबे. एकदा वर, एकदा खाली. असल्या मशीनवर काम काय करणार, कप्पाळ!

जयराजचा चेहरा उतरला. "कार्डच खराब निघालं. चूक माझीय, तुमच्या हट्टापुढं गप्प बसलो. कंपनीचा कंट्रोलर आणतो, पण उद्यापर्यंत..."

दारात टेम्पो येऊन थांबला. आप्पांनी सांगून ठेवलेल्या भंगारवाल्याचा. आप्पांनी मशीनकडं बघितलं नाही, नुसते म्हणाले, "पोरी, केलंस तेवढं लय झालं."

शिवांजलीनं पॅनेलची पेटी उघडली. मग एकदम म्हणाली, "कार्ड खराब असतं तर एक्स आणि वाय नीट कसे येतात? कार्ड तेच आहे. झेडच का भरकटतो?"

जयराजनं मान वर केली. ती शिडी लावून चढलीसुद्धा. मशीनच्या डोक्यावर, अगदी कपाळाच्या जागी, एक छोटं झाकण होतं. त्यावर हळदकुंकवाचे थरावर थर. लहानपणी आप्पांच्या खांद्यावर बसून दर खंडेनवमीला तीच तिथं टिळा लावायची, चिमटीनं नव्हे, मूठभर!

तिनं झाकण उघडलं. आत होमचं बटण होतं, फटीतून झिरपलेल्या हळद, कुंकू आणि तेलाच्या घट्ट लगद्यात रुतलेलं. दाबलं तर दाबलेलंच राहायचं, सुटलं तर मर्जीनं.

"आप्पा," ती वरून ओरडली, "मशीनला माझीच पूजा बाधलीय!"

जयराजनं चिमूटभर लगदा घेऊन हुंगला. इतक्या तेलातही ओळखला. "राजापुरी हळद! आमच्या यार्डातलीच असणार." आणि असा हसत सुटला की भंगारवालाही हसायला लागला.

रॉकेल, ब्रश, फडकं. झाकण बंद. झेड होमला गेला. पुन्हा पाठवला. पुन्हा. जागा मोजायला लावलेल्या डायलचा काटा दर वेळी शून्यावर, केसभरही इकडंतिकडं नाही.

आप्पा उठले. स्वतःच्या हातानं लोखंडाचा तुकडा टेबलावर बांधला, म्हणाले, "लाव." चकचकीत कीस उडायला लागला, आणि त्यांनी फोन काढून पापडवाल्याला सांगितलं, "दुसरीकडं लाट बाबा पापड. शेड मालकिणीची हाय."

टेम्पो रिकामा गेला.

खंडेनवमीच्या सकाळी मशीनला झेंडूचा हा मोठा हार. जयराज यार्डातून हळदीची पुडी घेऊन आला. झाकणापासून लांब, मशीनच्या बाजूला त्यानं एक पितळी पट्टी बसवली होती, टिळा लावायला खास. शिवांजलीनं टिळा लावला, चिमटीनंच. मग मशीनच्या पलीकडं गेली आणि मोबाइल काढला.

समोरच उभ्या जयराजचा फोन वाजला. पहिल्या रिंगला उचलला.

"बोला. काय बिघडलं?"

"मशीन ठणठणीत आहे," हाराच्या आडून ती म्हणाली. "माझंच जरा... कुठंही पाठवलं तरी मन फिरून एकाच जागी येऊन थांबतंय."

त्याच्या कानाची पाळी कुंकवासारखी लाल.

"दर वेळी त्याच जागी?"

"केसभरही फरक नाही."

"मग तो बिघाड नाही, शिवांजली," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच अहो-जाहो सोडून पुढं म्हणाला, "माझंही तसंच होतंय. तू हो म्हण, घरच्यांना घेऊन येतो."

"रविवारी ये."

"मशीनला रविवार कळत नाही म्हणे?"

"मशीनला नाही कळत. आप्पांना कळतो. घरी असतात ते."

"आरं समोरासमोर उभं हायसा," खुर्चीतून आप्पा ओरडले, "फोन कशाला जाळताय? ठेवा आन् परसाद घ्या!"

पण फोन कुणीच ठेवला नाही.