सातव्या मजल्यावरची तपकिरी बॅग

पुतणीच्या बॅगेची चेन अडकली होती, एवढंच काम होतं. पहाटे तिची गाडी. काका रात्री पावणेअकराला मेणबत्तीचा तुकडा घेऊन वर आले, चेनला मेण चोळलं, दोनदा पुढेमागे केली आणि चेन चालू. मग तिने बॅग भरली आणि सकाळची घाई नको म्हणून दाराबाहेर जिन्यापाशी नेऊन ठेवली.

काकांनी ती मुकाट्याने उचलून परत आत आणली.

"अहो काका, कोण चोरतंय? जुने कपडे आहेत."

"चोरीचं नाही गं. निघायच्या आदल्या रात्री दाराबाहेर बॅग... मला बघवत नाही."

झालं! धाकट्या पुतण्याने लगेच मोबाइल उलटा ठेवला. काकांनी चोवीस वर्षं प्रवासी जहाजावर कपड्यांना इस्त्री केलेली. हा माणूस असं अर्धवट बोलला की समजायचं, पुढे काहीतरी आहे.

"सांगा आता गोष्ट. आणि खरी सांगा," तो म्हणाला.

"खोटी मला येत नाही. माझ्या खोलीतला जोडीदार होता ना, टॉवेल, त्याची आहे."

हा टॉवेल जहाजावरच्या खोल्या आवरायचा. पस्तिशीचा गडी. टॉवेलच्या घड्या घालून असे हत्ती, ससे, बदकं करायचा की नावच ते पडलं. सातव्या मजल्यावरच्या अठरा खोल्या त्याच्याकडे. एकशे सात दिवसांची सफर संपत आली होती. जहाज लागलं की दुपारी त्याचं विमान, आणि तिसऱ्या दिवशी बहिणीचं लग्न. त्याच्यापायी तिने तारीख दोनदा पुढे ढकललेली. फोनवर तिने सरळ दम दिला होता, "दादा, या खेपेला आला नाहीस ना, तर तुझ्या जागी टॉवेलचं माकड उभं करीन."

त्याच्या शेवटच्या खोलीत एक म्हातारी मावशी होती. एकटीच. शेवटच्या आठवड्यात सगळे प्रवासी फोटो चाळत बसले, आणि ही नुसती पाण्याकडे बघत बसायची.

"घरी गेल्यावर काय सांगू रे?" ती टॉवेलला म्हणायची. "पाणी पाहिलं. इतकं पाहिलं, की आपलं सगळं आयुष्यच किनाऱ्यासारखं लांब गेलं. पण विचारणार तरी कोण? घरी चिटपाखरू नाही. चढताना भीती नव्हती वाटली. उतरायची वाटते."

किनारा चार दिवसांवर असताना मावशी झोपेतच गेली. डॉक्टरांनी तिला खाली थंड खोलीत हलवलं. सामान आतच ठेवून दाराला कुलूप आणि सील लागलं. तिच्या बिछान्यावरची चादर टॉवेलनेच काढली होती.

"आता शेवटच्या रात्रीची पद्धत ऐका," काका म्हणाले. "बाराच्या आत प्रत्येकाने आपल्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. रात्रीतून त्या खाली जातात, सकाळी धक्क्यावर मिळतात. दरवेळी एखादा शहाणा सगळेच कपडे बॅगेत भरतो आणि सकाळी झोपायच्या पायजम्यात उतरतो."

पुतण्या फिस्सकन हसला. काका हसले नाहीत.

गुरुवारची रात्र होती. बारा वाजून दहा मिनिटं. जमीन जवळ आली की माणसं बिथरतात; दारांआड कपाटं आपटत होती, कोणालाच झोप नव्हती. टॉवेल गाडा ढकलत एकेक बॅग चढवत चालला होता. शेवटच्या दारापाशी आला आणि थबकला.

मावशीच्या दाराबाहेर एक तपकिरी बॅग होती. नावाची चिठ्ठी लावलेली. अक्षर मावशीचं.

दाराचं सील जसंच्या तसं.

वर कळवायला हवं होतं. पण कळवलं की चौकशी, जबाब, सह्या, आणि उद्याचं विमान गेलंच समजा. बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्याने डोळे मिटून बॅग गाड्यावर टाकली. खाली नेली. माल उतरवला.

साडेबाराला वर आला. बॅग दाराबाहेर.

परत नेली. या वेळी पळतच.

एकला पाच कमी. बॅग दाराबाहेर. सील... सील जमिनीवर पडलेलं. दार बोटभर उघडं. आत अंधार. आणि आत कपाटातले हँगर... एकेक करून... सरकत होते. कोणीतरी शांतपणे आवराआवर करत होतं.

त्याला पळता येईना.

"मावशी..."

हँगर थांबले.

"मावशी, माझं विमान आहे हो उद्या. बहिणीचं लग्न आहे. मला अडकवू नका."

फक्त अंधारात, दारापाशी, कोणीतरी उभं असल्यासारखं.

मग त्याच्या तोंडून निघून गेलं. लहान मुलाची समजूत घालतात ना, तसं.

"एकटं उतरायची भीती वाटते ना? मग चला माझ्याबरोबर. पण आता बॅग आत घ्या."

दार... हळूच... लागलं.

त्याने खाली पाहिलं. बॅग नव्हती.

"मग?" पुतणीने विचारलं.

"मग काय, सकाळी सुटला. कोणी काही विचारलं नाही. शिडी उतरताना उजवा हात जरा जड वाटला म्हणे. रात्रभर बॅगा उचललेल्या, वाटणारच. लग्नाला वेळेवर पोचला. बहीण गळ्यात पडून रडली."

"हात्तिच्या," पुतण्या म्हणाला. "चांगलं झालं की."

काका मेणबत्तीचा तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"लग्नाच्या सकाळी त्याचा मला फोन आला. मी इस्त्रीवाला ना. जहाजावरून घालून आलेला शर्ट बहीण इस्त्री करत होती. उजव्या बाहीवर, कोपराच्या आत, चार चुण्या. जातच नव्हत्या. मी म्हटलं, पाणी मार, वाफ दे. तिने पाच वेळा फिरवली. इस्त्री उचलली की परत. शेवटी वैतागून म्हणाली, 'दादा, इतका घट्ट कोणी धरला होता तुझा हात?'"

"आणि?"

"आणि काय. तिने दुसरा शर्ट दिला. नवा कोरा, खोक्यातला. तो घालून उभा राहिला बिचारा लग्नात."

काकांनी मेणबत्तीचा तुकडा खिशात टाकला.

"रात्री त्याने तो नवा शर्ट काढला. त्याच्याही उजव्या बाहीवर... चार."