न विचारलेल्यांची उत्तरं

दारोदार फिरून माणसांना प्रश्न विचारणं राज्यानं बंद केलं, त्याला दहा वर्षं होत आली होती. तरीही प्रत्येकाची उत्तरं सरकारजवळ होती. कुणाला शांत झोप लागते, कुणाला कोणतं औषध मानवत नाही, कुठल्या शिवारात कोणतं बियाणं तगतं, कोण आपल्या आयुष्यावर समाधानी आहे, हे सगळं नोंदलेलं होतं. चाळीस माणसांतल्या एकाला शिबिरात बोलावून विचारायचं आणि उरलेल्यांची उत्तरं गणितानं काढायची, अशी रीत होती. माणसाचं वय, काम, पाणी, घराण्यातले आजार आणि त्याच्यासारख्या इतरांनी दिलेली उत्तरं एकत्र केली, की त्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, ते संगणक सांगे. या रीतीला ‘पूरण’ म्हणत आणि अशा उत्तराला ‘पूरनोंद’. शंभर पूरनोंदी तपासल्या तर सत्त्याण्णव बरोबर निघत. कायद्यानं त्यांना तोंडी उत्तराइतकीच किंमत होती.

हे गणित बसवणाऱ्या डॉ. हेमांगी उकिडवे नागपूरच्या पूरण विभागाच्या संचालक होत्या. त्रेपन्न वर्षांची ही बाई तक्रारींची पत्रं सहसा वाचत नसे. पण एकाच माणसाची तिसरी तक्रार आली तर पूरनोंदीवर ज्याची सही आहे त्यानं स्वतः जाऊन सुनावणी घ्यावी, असा नियम होता. फेब्रुवारीत असं एक तिसरं पत्र तिच्या टेबलावर आलं.

‘मी गिरजाबाई कुंभरे, राहणार कुसुमटोला. मी तीनचाकी गाडीसाठी अर्ज केला. तुम्ही रोज चार किलोमीटर चालता असं तुम्हीच सांगितलं आहे, म्हणून गाडी मिळणार नाही, असं उत्तर आलं. मी असं सांगितलं नाही. माझ्या पायांत जोर नाही. कोणी सांगितलं ते कळवावे.’

शंभरांतल्या त्या तिघांपैकी एक, असं मनाशी म्हणत हेमांगी निघाली.

कुसुमटोला हा गोंदियाच्या पलीकडच्या जंगलपट्टीतला एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती. नाल्यापाशी गाडी सोडून ती चालत वर आली. गिरजाबाई अंगणात बाजेवर बसली होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस अजून काळे. उठायला म्हणून तिनं भिंतीला धरलं आणि पुन्हा खाली बसली.

“राहू द्या, बसा तुम्ही,” हेमांगी म्हणाली.

“बसूनच असते जी मी. तुम्ही कोन?”

“नागपूरहून आले. तुमची पत्रं मिळाली.”

गिरजाबाईनं तिला नीट न्याहाळलं. “मंग सांगा, माया नावानं कोन बोललं?”

हेमांगीनं तिला पूरण समजावून सांगितलं. असे प्रसंग तिला नवे नव्हते आणि सोपी उदाहरणं तिच्या जिभेवर असत. “असं बघा, भात शिजला का हे बघायला आपण सगळी शितं चेपून बघत नाही. एक चेपतो आणि बाकीच्यांचं कळतं.”

“हाव,” गिरजाबाई म्हणाली. “पन तुम्ही वरचंच शीत चेपलं. बुडाशी करपलं असंल तं?”

“त्यासाठी आधी भात ढवळून घ्यायचा. कुठलंही शीत हाताला लागू शकेल असं करायचं. यालाच आम्ही यादृच्छिक निवड म्हणतो.”

“मंग ढवळलं होतं का?”

हेमांगी म्हणाली, “हो.” तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

“मी काय काय सांगितलं म्हनते, वाचून तं दाखवा.”

हातातल्या संगणकाच्या पाटीवरून हेमांगीनं वाचलं. “गुडघे आणि पाय, तक्रार नाही. रोजचं चालणं, चार किलोमीटर. प्रकृतीबद्दल समाधान, होय. गेल्या महिन्यात मन आनंदी होतं का? बहुतेक वेळा.”

गिरजाबाई हसली. चेष्टेचं हसू नव्हतं ते. दुसऱ्याच कुणाची तरी खुशाली ऐकावी तशी ती ऐकत होती. “बरी आहे ती बाई,” ती म्हणाली.

“तुम्ही मूळ शिबिराला का आला नव्हता? नऊ वर्षांपूर्वी, तगवाची चाचणी झाली तेव्हा?”

तगवा म्हणजे प्रयोगशाळेत तयार झालेलं कडधान्य. पाऊस दोन महिने लांबला तरी ते पीक उभं राही. ते लोकांना मानवतं का हे पाहण्यासाठी बत्तीस टोले घेतले होते आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग केले होते. सोळा टोल्यांना तगवाची डाळ दिली, त्यांत कुसुमटोलाही होता, आणि सोळांना नेहमीची तूर. दोन वर्षांनी दोन्हीकडच्या प्रत्येक मोठ्या माणसाला प्रकृतीचे प्रश्न विचारायचे आणि फरक पडला का ते बघायचं. चिठ्ठ्या टाकल्यामुळे दोन्हीकडची माणसं सारखीच असणार, म्हणजे फरक दिसलाच तर तो डाळीचा. शेतीतल्या आणि औषधांच्या प्रयोगांची ही जुनी, सचोटीची पद्धत. फरक दिसला नाही. पुढच्याच हंगामात तगवा पूर्वेच्या सगळ्या जंगलपट्टीत पेरला गेला; तुरीचे ते सोळा टोले तेवढे पुढच्या तुलनेसाठी तुरीवरच ठेवले.

“शिबिर कुठं होतं, माईत आहे का तुम्हाले?” गिरजाबाईनं विचारलं आणि टेकडीकडे हात केला. वर शाळेची इमारत होती. खालून शाळेपर्यंत दगडी पायऱ्या गेल्या होत्या. “तवाच माये पाय भरून यायचे. साठ पायऱ्या कशी चढू मी?”

हेमांगीनं पाटीवर त्या शिबिराची हजेरी उघडली.

कुसुमटोल्यात तेव्हा दोनशे बारा मोठी माणसं होती. एकशे एकाहत्तर शिबिरात आली आणि एक्केचाळीस आली नाहीत. त्या एक्केचाळीस रिकाम्या जागा तिनंच पूरणानं भरल्या होत्या, आलेल्यांच्या उत्तरांवरून.

“तुमच्यासारखं आणखी कोण आलं नव्हतं?”

गिरजाबाईनं नावं सांगितली आणि हेमांगी घरोघर गेली. दुपार उलटेपर्यंत ती चौतीस घरं फिरली. न आलेल्यांतले काही वारले होते, काही परगावी गेले होते. एकोणतीस जण घरीच सापडले. सव्वीस जणांना आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. दवाखान्यात दाखवलं का, असं तिनं विचारलं की बहुतेक जण एकच सांगत. धानाच्या बांधीत जन्मभर पाण्यात उभं राहिलं की पाय जातात, असं डॉक्टर म्हणाले. एका म्हाताऱ्यानं मात्र सांगितलं, “डॉक्टरनं पडद्यावर पाह्यलं जी. म्हने, बाबा, तुमच्या टोल्यात तं कोनालेच पायाचं दुखनं नाई.”

सांख्यिकीत रिकाम्या जागा दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार निरुपद्रवी. कुणी बाजाराला गेलं, कुणाकडे लग्न होतं. अशांची उत्तरं इतरांवरून काढली तर बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात उत्तर आणि गैरहजेरी यांचं कारण एकच असतं. पाय गेलेला माणूस पायांविषयीच्या प्रश्नाला हजर राहू शकत नाही. त्याच्या जागी चालणाऱ्या माणसाचं उत्तर लिहिलं, की दुखणं कागदावरून नाहीसं होतं. आणि एकदा नोंद पूर्ण झाली, की त्या माणसाला पुन्हा विचारायची गरजच उरत नाही.

हेमांगीला हे ठाऊक होतं. विद्यार्थ्यांना ती हे पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. त्याहून वाईट म्हणजे, त्या वर्षीच्या पाहणी निरीक्षकानं तिला लिहिलं होतं: ‘न आलेल्यांच्या घरी जाऊन यायला आठ दिवस द्यावेत.’ पेरणी तोंडावर आली होती आणि पूरणाचं पहिलं मोठं यश जाहीर व्हायचं होतं. तिनं त्याच कागदावर लिहिलं होतं, ‘आवश्यकता नाही. रिकाम्या जागा यादृच्छिक समजाव्यात.’ खाली सही. वाक्य लिहिताना तिला क्षणभर अडखळल्यासारखं झालं होतं, हेही आता तिला आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

ती परत आली तेव्हा गिरजाबाईची मुलगी सुमित्रा चुलीपाशी होती. सोळा-सतरा वर्षांची पोर. “जेवून जा,” गिरजाबाई म्हणाली. “उपाशी नाई धाडत आम्ही कोनाले.”

ताटात भात होता आणि वर पिवळं, घट्ट वरण. वासावरूनच हेमांगीनं ओळखलं. तगवा.

आता बोलायला हवं होतं. तिनं मनातल्या मनात वाक्य जुळवलंही. पण सव्वीस माणसं म्हणजे पुरावा नव्हे. तूर खाणाऱ्या टोल्यांतही न आलेल्यांचे पाय असेच गेले असतील, तर दोष डाळीचा ठरत नाही. आधी तिथं जाऊन बघायला हवं. खात्री नसताना भीती पसरवणं शास्त्राला धरून नाही. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यांच्या आड आणखी एक कारण होतं. बोलली असती, तर हे कुणी केलं तेही सांगावं लागलं असतं.

सुमित्रानं आईच्या ताटात वरण वाढलं, मग स्वतःच्या. “कसं झालं जी?” तिनं विचारलं.

“छान झालंय,” हेमांगी म्हणाली आणि मान खाली घालून जेवली.

त्यानंतर तिनं बत्तीसही टोल्यांत माणसं पाठवली. दहा वर्षांत प्रथमच कुणी दारोदार गेलं. तपासणीला सात आठवडे लागले. तुरीच्या सोळा टोल्यांत जे शिबिराला आले नव्हते ते लग्नाला, बाजाराला, कामाला गेलेले होते. त्यांचे पाय धड होते. तगवाच्या टोल्यांत न आलेल्या दर दहांपैकी सात जणांचे पाय गेले होते. रक्ताच्या तपासण्यांनी कारणही दाखवलं. तगवातला एक घटक पचवायची शक्ती त्या भागातल्या सातांतल्या एका माणसात जन्मतःच नव्हती. तो घटक पायांच्या नसांमध्ये साठत जाई. डाळ थांबवली तर पुढचं नुकसान टळत होतं. झालेलं भरून येत नव्हतं.

अहवाल हातात पडला त्याच दिवशी हेमांगी कुसुमटोल्याला गेली. या वेळी तिनं उदाहरणं दिली नाहीत. बाजेसमोर जमिनीवर बसून तिनं सगळं सांगितलं. डाळ, शिबिर, तो कागद, आपली सही.

गिरजाबाईनं आत हाक मारली, “सुमे, डाळीचा डबा भायेर आन.” सुमित्रा दारात आली. तिनं एका हातानं चौकट धरली होती.

“हिचे कधीपासून?” हेमांगीनं विचारलं.

“होळीपासून भरून येतात म्हनते.” गिरजाबाईनं तिच्याकडे बघितलं. “त्या दिवशी तू आमच्यासंगं जेवली. तवा तुले माईत होतं?”

“खात्री नव्हती.”

“खात्री नाई इचारली मी.”

“शंका होती,” हेमांगी म्हणाली. तिचे कान तापले होते आणि नजर वर होत नव्हती. “मला माफ करा, असं म्हणायचाही मला—”

“मंग नको म्हनू. जा आता तू.”

नागपूरला येऊन तिनं कबुलीचं निवेदन लिहिलं. कुठे चुकलं, कुणी चुकवलं, किती टोल्यांत, शंका कधी आली आणि ती कधी सांगितली. ते राज्यभर वाचून दाखवावं आणि तगवा बंद करावा, अशी तिनं मागणी केली. सचिव विद्याधर पळसुले यांनी तिला दहा दिवसांनी बोलावलं. सज्जन माणूस होता तो. त्यांनी तिला पाणी दिलं.

“तगवा आपण त्या पट्टीतून काढून घेतोय,” ते म्हणाले. “बियाणं संपलं असं सांगून. पाय गेलेल्या प्रत्येकाला गाडी मिळेल. निवेदन मात्र वाचायची गरज दिसत नाही.”

“का?”

“लोकांना हे कळलं तर ते काय म्हणतील, याचं पूरण करून घेतलं. फारच समजूतदार उत्तरं आली आहेत. हे बघा.” त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. “अठ्ठ्याऐंशी टक्के लोकांनी तुम्हाला क्षमा केली आहे. कुसुमटोल्यात तर त्याहून जास्त. या गिरजाबाई कुंभरे. क्षमा, होय.”

“मी तिला भेटून आलेय. तिनं मला घरातून जायला सांगितलं.”

“असेल. पण एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत, मॅडम.”

हेमांगी यादी खाली सरकवत राहिली. वाचली नसतीच तर बरं, असं वाटत असूनही. नावांमागून नावं जात होती, कुणालाही न विचारता दिलेल्या क्षमेची. शेवटी संबंधित अधिकाऱ्यांची पूरनोंद होती आणि तिथं तिचंही नाव होतं. डॉ. हेमांगी उकिडवे. प्रश्न, घडलेल्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते का?

उत्तर, नाही.

“हे चूक आहे,” ती म्हणाली.

“कशावरून काढलंय ते खाली दिलेलं असतं,” पळसुले म्हणाले.

तिनं वाचलं. निरीक्षकाचं पत्र आल्यावर तिनं काय केलं. नऊ वर्षांत ती तिकडे किती वेळा गेली. शंका आल्याची तारीख, आणि ती तोंडानं सांगितल्याची तारीख. मधले सात आठवडे. सगळं जसं घडलं तसंच होतं. त्यात एकही जागा रिकामी नव्हती.