मास्तरांचं मशीन

हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलं. तो खोटं बोलत नाही. बोलला की कान लाल होतात त्याचे.

कारखान्यात तो मिलिंग मशीनवर होता. तुमचं बटण दाबायचं मशीन नव्हे, हाताचं. वर कटर फिरतो, खालचं टेबल चाक फिरवून सरकवायचं, चाकावरच्या रेषा मोजायच्या.

चौदा तारीख, मंगळवार. रात्रपाळीला एकटाच. एका शाफ्टमध्ये, लोखंडी दांड्यात, गाळा म्हणजे लांब खाच कापून सकाळी सहाला द्यायचा होता. आदल्या दिवशी त्याने एक शाफ्ट वाया घालवला होता. फोरमनने बजावलं, "हा शेवटचा. बिघडला तर उद्यापासून येऊ नकोस."

"काका, त्यापेक्षा सुट्टी टाकायची," धाकटा पुतण्या म्हणाला.

"तू टाकतोसच. ऐक."

एक वाजून दहा मिनिटांनी त्याने चाक शून्यावर लावलं. पाणी प्यायला गेला. येऊन बघतो, चाक आठ रेषा पुढे. दुसऱ्याचं शून्य कोणी हलवत नाही, आमच्या धंद्यात तसं चालत नाही. आणि शटर आतून बंद होतं.

पुन्हा लावलं. नजर वळली... पुन्हा आठ.

त्या मशीनवर आधी मास्तर होते. तीस वर्षं. मागच्या वर्षी तिथेच उभ्या उभ्या गेले.

साडू हळूच म्हणाला, "मास्तर?"



त्याने मेन स्विच खाली ओढला. अंधारात चाचपडत बाहेर आला, वॉचमनपाशी बसला.

मग आवाज आला. कटर लोखंडात शिरतो, तो.

वॉचमनने विचारलं, "आत कोणाला ठेवलंस?"

साडूने शटरकडे बोट दाखवलं.

"अरे, विचारतोय तुला..."

मग तोही शटरकडे बघत बसला.

चाळीस मिनिटं. आवाज थांबला.

सहाला फोरमनबरोबर आत गेले. मेन स्विच खालीच. गाळा कापलेला. फोरमनने तीनदा मापला.

"याला म्हणतात काम. परवा चाकाचा ढिलेपणा न काढता शून्य लावलंस, म्हणून आठ रेषांनी फसलास. आज बरोबर धरलंस. लेका, आजपासून हे मशीन तुझं."

साडू खाली बघत होता.

एवढा गाळा कापला की ओंजळभर लोखंडाचा कीस पडतो. टेबलावर नव्हता. जमिनीवर नव्हता. मशीनखाली हात घालून बघितलं...

एक कण नाही.