खाली राहिलेल्या खुर्च्या

आमच्या टॉकीजच्या खुर्च्यांना एक खोड आहे. माणूस उठला की बैठक आपोआप वर जायला हवी. पण स्प्रिंगा जुन्या, त्यामुळे कुणी तीन तास बसलेलं असलं की ती तशीच खाली राहते. मग खेळ सुटल्यावर मी रांगेरांगेतून फिरते आणि गुडघ्याने एकेक बैठक वर लोटते. कुठे किती बसले होते ते त्यातच कळतं. हे काम आधी आमचे हे करायचे. हे गेल्यावर मालकांनी दारावर मला उभं केलं. टॉर्च तीच राहिली, गुडघा तेवढा बदलला.

ह्यांना चिकण्याचं वेड होतं. चिकणा म्हणजे तो नट. खरं नाव पोस्टरवर असायचं, पण आमच्या पब्लिकसाठी तो पहिल्या सिनेमापासून चिकणाच. त्याचा सिनेमा लागला की दारं लावून झाल्यावर हे मला हळूच आत बोलवायचे. सहाव्या रांगेतली कडेची खुर्ची ह्यांची, कारण तिथे अधू पाय वाटेत पसरता यायचा. शेजारची बैठक हाताने दाबून धरायचे, माझी जागा कुणी घेऊ नये म्हणून. मी पोचेपर्यंत हात उचलायचे नाहीत.

तर त्या वर्षी चिकणा चौसष्टचा झाला आणि नव्या सिनेमात कॉलेजात शिकत होता. दुपारच्या खेळाला चौदा तिकिटं गेली.

कारणं सांगणाऱ्यांची काही कमतरता नव्हती. मशीनवाले काका म्हणाले, "नायिका त्याच्या नातीच्या वयाची. तो तिला जवळ घेतो तेव्हा मला वाटतं, आता खाऊला पैसे देणार." मालक म्हणाले, "नायिकेला पस्तिशीत आई करून टाकतात, ती सुटते बिचारी. नायकाला कुणी सांगतच नाही, की बाबा रे, बस आता." मला आपलं वाटायचं, की नट एकटा म्हातारा होत नाही. त्याच्यासाठी शिट्ट्या मारणाऱ्यांचेही दात पडतात.

पंख्यांची वीज वाचवायला मालकांनी दुपारी हॉलचा खालचा भाग बंद केला. चौदाच्या चौदा माणसं बाल्कनीत बसवली. खालच्या दोन्ही दारांना मीच कुलपं घातली, किल्ल्या माझ्या कमरेला. खेळ सुटल्यावर झाडायला खाली उतरले, तर सहाव्या रांगेतली कडेची बैठक खाली होती.

स्प्रिंग गेली, असं म्हणून मी ती वर लोटली.

दुसऱ्या दिवशी ती अख्खी रांग खाली. तिसऱ्या दिवशी पाच रांगा. मी काकांना बोलावलं. त्यांनी तेल घातलं, ओल धरली असेल म्हणाले. उठताना आधाराला एका बैठकीवर हात टेकला आणि चटकन मागे घेतला.

"इथे हीटर लावला होतास का गं?"

आमच्याकडे हीटर नाही.

चौथ्या दिवशी खालचा सगळा भाग, तीनशे दहा खुर्च्या. संध्याकाळी एका नव्या पोराचा सिनेमा असायचा, तेव्हा खालचा भाग उघडा असे. त्या खेळाला जितकी तिकिटं, तितक्याच बैठका खाली. एक जास्त नाही, एक कमी नाही. मालकांना सांगावं, तर ते आधी तिकीट विचारणार.

भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, त्या दिवशी अंधारात सहाव्या रांगेपाशी आले तेव्हा मी जरा वळसा घालून गेले. पाय पसरलेला असला तर ठेचकाळायला नको.

पाचव्या दिवशी टोपी, काळा चष्मा, मफलर असा एक गृहस्थ तिकीट काढून आला. जिना रिकामा होता, पण गर्दी बाजूला होत असल्यासारखा तो मधोमध चालत होता. मी ओळखलं. मध्यंतरात तो बाहेर येऊन माझ्या स्टुलापाशी उभा राहिला.

"बाई, आत मोजले मी. नऊ जण आहेत."

"तुम्हाला धरून दहा."

त्याने चष्मा काढला. डोळे म्हाताऱ्या माणसाचे होते आणि भोवतीची कातडी नव्या चादरीसारखी ताठ.

"परवा ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "कानामागून ओढून घेतात. हे पाचवं. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, भूल सोसणार नाही. निर्माता म्हणतो, तिशीचा चेहरा आणा, पुढचा सिनेमा तुमचा."

"आणि घरचे?"

"मुलगी बोलत नाही माझ्याशी. विचारते, ह्या चेहऱ्यात माझे बाबा कुठेत?" तो हसला, पण गाल हलले नाहीत. "लोक कंटाळलेत का, तेवढं स्वतः बघायला आलो. कंटाळले असतील तर नवा चेहरा आणतो. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मध्यंतर संपल्याची घंटा झाली. मी कमरेच्या किल्ल्या काढल्या. मग उठले.

"माझ्याबरोबर खाली या जरा."

कुलूप काढून आम्ही आत गेलो. मी टॉर्च लावली नाही. दार मागे लोटून भिंतीला टेकून उभे राहिलो. समोर पडद्यावर तोच धावत होता, पुस्तकं छातीशी धरून.

मग पडद्यावरच्या चिकण्याने केसांतून बोटं फिरवली. पहिल्या सिनेमापासूनची त्याची ती लकब. पूर्वी ह्या जागी पब्लिक उभं राहायचं.

अंधारात बैठका वर गेल्या.

सगळ्या. एकदम.

क्षणभर काहीच नाही. मग एकेक करून खाली आल्या, माणसं पुन्हा टेकावीत तशा.

त्याने माझं मनगट धरलं होतं. ओरडला नाही. वाकून जवळच्या बैठकीवर तळवा ठेवला.

"ऊब आहे."

"रोज असते."

"कोण आहेत?"

"जुनेच असावेत. त्यांतली एक जागा माझ्या ओळखीची आहे."

"पण तिकीट..."

"खिडकीपाशी येणं जमत नसेल त्यांना आता."

तो तसाच वाकून राहिला. मग त्याचे खांदे खाली आले, दिवसभर चावणारा बूट काढल्यावर येतात तसे.

"म्हणजे कंटाळून नाही गेले."

"नाही."

"आणि मी नवा चेहरा आणायला निघालो होतो," तो पुटपुटला. "ह्यांनी मला ओळखलं कसं असतं?"

मग तो हसला, आणि ह्या खेपेला एक गाल हलला. टोपी काढून त्याने अंधाराला नमस्कार केला.

बाहेर आल्यावर माझ्यासमोरच त्याने डॉक्टरांना फोन लावला आणि ऑपरेशन नको म्हणाला. दुसरा फोन मुलीला. "जेवायला येऊ का गं?" एवढंच विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ तो नुसता मान हलवत होता. मी उगाच टॉर्चचे सेल बदलत बसले. माझ्याही छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

त्यानंतर त्याने सिनेमा केला नाही. केस पांढरे होऊ दिले, गाल ओघळू दिले. चार वर्षांनी एका दुपारी नातीला गोष्ट सांगता सांगता त्याचा डोळा लागला, तो उघडला नाही. आठवण म्हणून मालकांनी त्याचा पहिला सिनेमा लावला. माणसं बेताची, म्हणून खालचा भाग बंदच.

खेळ सुटल्यावर कुलूप काढून आत गेले. आज गुडघ्याचं काही खरं नाही, असं म्हणतच.

दारातून पाहिलं, तर सगळ्या बैठका वर होत्या.

मला हसूच आलं. त्याला बघायला आता इथवर यायची गरज कुणाला? तोच गेला की त्यांच्यात. निवांत वाटलं. गुणगुणत मी मधल्या वाटेने निघाले.

सहाव्या रांगेतल्या दोन बैठका खाली होत्या.

कडेच्या बैठकीवर हात ठेवला. ऊब होती. शेजारच्या खुर्चीला महिन्यापूर्वीच नवी स्प्रिंग बसवली होती, ती खाली राहूच शकत नव्हती. तिच्यावर हात ठेवला. गार. तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

मी ती गुडघ्याने वर लोटली.

ती सावकाश खाली आली, आणि कुणी दाबून धरावी तशी खालीच राहिली.