खुंटीवरची चुंबळ

फट... फट... फट.

चामड्याचा रुंद पट्टा चाकावर चढताना असा आवाज करतो. आधी सैल, झोपेतून उठल्यासारखा. मग भरभर. मग एकेक आवाज वेगळा ऐकूच येत नाही, नुसती घरघर उरते. इंद्रसिंगने तरुणपणी हा आवाज रोज ऐकला. पुढे नोकरी सुटली, केस पिकले, तरी अंगणात कोणी ओली गोधडी झटकली की तो हातातला पेला खाली ठेवायचा आणि दाराकडे बघत बसायचा. आत कोणी राहिलं तर नाही ना, असं बघायचा. घरची माणसं म्हणायची, म्हाताऱ्याला सवय आहे. ती सवय कुठून आली ते त्याने फारसं कोणाला सांगितलं नाही.

तेव्हा शहाद्याहून म्हसावदकडे जाणाऱ्या रस्त्याला एक जिन होती. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या, असा कारखाना. मालक शांतीलाल शेठ. इंद्रसिंग जवळच्याच ब्राह्मणपुरीचा, शेतकऱ्याच्या घरचा. बडोद्याला यंत्रांचं शिकला, मुंबईच्या गिरण्यांत राहिला. त्याचं काम थोडं निराळं होतं. यंत्र बिघडलं की दुरुस्त करणारे पुष्कळ असतात. हा बघायचा की काम कुठे अडतं, माणूस कुठे उगाच चालतो, हात कुठे रिकामा राहतो, आणि मग सगळी मांडणी नव्याने लावून द्यायचा.

शेठने त्याला बोलावून एवढंच सांगितलं, "इंद्रसिंगभाई, मशीन तेच, माणसं तेच. मग दुपारनंतर गाठी कमी का पडतात? तेवढं बघा."

थंडीचे दिवस होते. कपाशीच्या गाड्या फाटकापर्यंत लागलेल्या. इंद्रसिंग गळ्याला बायकोने विणलेला विटकरी मफलर गुंडाळून, हातात घड्याळ घेऊन ओट्याच्या टोकाला उभा राहायचा. ओट्यावर यंत्रांची लांब रांग, प्रत्येक यंत्राशी एक बाई. रुईचा भुगा हवेत तरंगत असे आणि बायांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या होत.

"साहेब," कौसाबाई नावाची एक तोंडाळ बाई ओरडायची, "तुमनं ते घड्याळ सरकी काढस का?"

"नाही."

"मंग त्याले जेवाले तरी कसाले घालतस? दिवसभर चावी दी ऱ्हायनात."

बाया हसायच्या. इंद्रसिंगही गालात हसायचा. घरी तोही हीच बोली बोलत मोठा झाला होता, पण साहेबाचा कोट अंगात आल्यापासून ती त्याच्या तोंडून निघत नव्हती.

आता त्या ओट्याखालचं सांगायला हवं. ओट्याच्या पोटात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक अंधारी गल्ली होती. वाकून जावं लागे अशी. तिच्यातून एक लांब लोखंडी दांडा जात असे. इंजिनाचा पट्टा चढवला की तो दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून वरची सगळी यंत्रं चालायची. वरून सरकी, रुई, कचरा सारखा त्या गल्लीत गळायचा. म्हणून दुपारच्या सुट्टीत, दांडा थांबलेला असताना, एक बाई झाडू घेऊन आत जायची आणि झाडून बाहेर यायची. गल्लीला दार एकच.

त्या दाराशी भिंतीत एक लाकडी खुंटी होती. बाई आत जाताना डोक्यावरची चुंबळ त्या खुंटीला अडकवायची. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली घ्यायची कापडाची गुंडाळी. जुन्या लुगड्याची, जिची तिने वळलेली, त्यामुळे प्रत्येकीची ओळखू येई. इंजिनावर युसुफ होता. त्याच्या जागेवरून गल्ली दिसत नसे, पण खुंटी दिसायची. खुंटी रिकामी दिसली तरी तो एकदा हाक मारायचा, "गल्लीमा कोनी शे का?" म्हणजे गल्लीत कोणी आहे का. उत्तर आलं नाही, किंवा कोणी 'नही' म्हणालं, मगच पट्टा चढवायचा. आणि जिची चुंबळ तिनेच काढायची. दुसऱ्या कोणाचा हात तिला लागू द्यायचा नाही, हे कोणी कोणाला शिकवत नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं.

इंद्रसिंगला ही पद्धत आवडली. साधी आणि पक्की. पण गाठी कमी पडत होत्या त्या तिथेच, हेही त्याला लवकरच दिसलं.

सुट्टी संपायची. झाडणारी भिकुबाई बाहेर येऊन, आपली चुंबळ घेऊन, यंत्राशी जाऊन बसायची. सगळ्या जागेवर असायच्या. आणि खुंटीवर आणखी एक चुंबळ दिसायची. हिरव्या लुगड्याची, लाल काठाची. युसुफ इंजिनापाशी हात बांधून बसून राहायचा. बाया गप्प बसायच्या, कौसाबाईसुद्धा. बराच वेळ जायचा. मग केव्हातरी खुंटी रिकामी दिसायची आणि युसुफ उठायचा. रोज नाही, पण पुष्कळदा.

"ही कोणाची?" इंद्रसिंगने विचारलं.

युसुफ जमिनीकडे बघत म्हणाला, "दगूबाईनी, साहेब."

"तिला बोलवा."

कोणी हललं नाही. शेवटी भिकुबाई जवळ आली. ती पदराने हात पुसत होती, हात कोरडे असून.

"दगू मन्ही जाऊ व्हती, भाऊ. मांगला साल गल्लीमा मझार झाडी ऱ्हायनी व्हती. मॅनेजर उतावळा. त्याले वाटनं, बाई चुंबळ भुली गयी. त्यानी सोता काढी टाकी... अन् युसुफभाऊनी हाक मारी, दगूना 'शे' येवाना आधीच पट्टा चढाया."

"मग ही चुंबळ?"

"ती ते आम्ही तिन्हासंगेच जाळी व्हती."

इंद्रसिंगने पुन्हा खुंटीकडे बघितलं.

"ती येस, झाडस, चुंबळ लेस, घर जास," भिकुबाई अगदी साध्या आवाजात म्हणाली. "दगूनी पोर शे ना मन्हाकडे. दिवा लागनात का वाटवर जाई बठस. तिले काय सांगू? आम्ही दगूले थोडा टाइम देतस. बस."

इंद्रसिंग वाईट माणूस नव्हता. बाई मेल्याचं त्याला खरंच वाईट वाटलं. पण त्याला वाटलं, ह्यांना दुपारी जरा पाठ टेकायची आहे, तेवढ्यासाठी कोणीतरी ही गुंडाळी लावतं आणि काढतं. त्याने कंदील मागवला, युसुफला दाराशी उभं केलं आणि स्वतः वाकून आत पार टोकापर्यंत जाऊन आला. आत कोणी नव्हतं. दांड्याला घातलेल्या एरंडेलाचा आणि कुबट सरकीचा वास तेवढा होता. एकच गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली. भिकुबाई त्या दिवशी फक्त दारापाशीच झाडून आली होती, तसं तिने स्वतःच सांगितलं. पण पलीकडचं टोक लख्ख झाडलेलं होतं. कचऱ्याची रेघ मध्यावर येऊन थांबली होती.

बाहेर येऊन त्याने खुंटीवरची चुंबळ स्वतः काढली.

ती कोमट होती. आत्ताच कोणी डोक्यावरून उतरवावी तशी.

ओट्यावरच्या सगळ्या बाया उभ्या राहिल्या. इंद्रसिंगने चुंबळ कोटाच्या खिशात घातली आणि म्हणाला, "युसुफभाई, पट्टा."

"साहेब... ती मझार शे ना अजून."

"मी बघून आलो. पट्टा चढवा."

फट... फट... फट. पट्टा चढला, यंत्रं चालली. काहीही झालं नाही.

त्यानंतर ती चुंबळ खुंटीवर पुन्हा दिसली नाही. दुपारचा खोळंबा संपला, गाठी वाढल्या, शेठ खूश झाले. फक्त ओट्यावरची थट्टा बंद झाली. आणि भिकुबाईने गल्लीत पाय ठेवायचं सोडलं. दुसरी कोणीही जाईना.

"आत काही नाही, बाई," इंद्रसिंग समजावायचा.

"आधी नव्हतं, भाऊ. ती येत व्हती अन् जात व्हती. आते कशी जाई? तिनी चुंबळ तुम्हीन काढी लिधी. आते ती मझारच शे."

गल्ली तशीच राहिली. दांड्याखाली रुई साचत गेली, दांडा ज्यांत फिरतो ते लोखंडी कान तापायला लागले, आणि एका सकाळी ओट्यावर जळक्या तेलाचा वास आला. एक ठिणगी पडली असती तर फाटकापर्यंत काही उरलं नसतं, बायाही नाहीत. गल्ली त्याच दुपारी साफ व्हायला हवी होती.

"मी जातो," इंद्रसिंग म्हणाला.

भिकुबाईने खुंटीकडे बोट केलं. "काहीतरी टांगी जा, भाऊ. अन् हाक उनी का लगेच 'शे' म्हना. उशीर नका करू."

तो हसला, पण गळ्यातला मफलर काढून त्याने खुंटीला नीट अडकवला. सुट्टी झाली, बाया भाकरी घेऊन बाहेर लिंबाखाली गेल्या. इंद्रसिंग कंदील आणि झाडू घेऊन वाकला आणि आत शिरला.

बाहेर चांगलं ऊन होतं. आत गार होतं. दांडा नुकता थांबलेला, त्याच्याजवळ ऊब असायला हवी होती, ती नव्हती. त्याने रुई ओढायला सुरुवात केली. खर्र... खर्र... झाडूचा आवाज गल्लीत घुमत होता. थोड्या वेळाने त्याच्या मनात आलं, आवाज जरा जास्तच घुमतो आहे. त्याने हात थांबवला.

खर्र... खर्र...

पुढे, कंदिलाच्या उजेडापलीकडे, कोणीतरी झाडत होतं. सावकाश. रोजचं काम करावं तसं.

"भिकुबाई?" तो म्हणाला.

झाडू थांबला. मग पायातल्या चांदीच्या कड्यांचा आवाज आला. तो जवळ येत गेला. गल्ली एवढी अरुंद की दोन माणसं एकमेकांना घासल्याशिवाय जाऊ शकत नव्हती. इंद्रसिंग भिंतीला चिकटला. त्याने डोळे मिटले होते की कंदीलच मंदावला होता, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. गार लुगडं त्याच्या हाताला घासून गेलं. एरंडेलाचा वास आला, आणि त्याच्यात बाजरीच्या ताज्या भाकरीचा.

कड्यांचा आवाज दाराकडे गेला. दारातला उजेड क्षणभर झाकला गेला, कोणी वाकून बाहेर पडावं तसा. मग लाकूड हलकंच करकरलं. खुंटी.

सुट्टी संपली होती. बाहेरून युसुफची हाक आली.

"गल्लीमा कोनी शे का?"

इंद्रसिंगने तोंड उघडलं. घशात रुई बसली होती. श्वास आत गेला, आवाज बाहेर येईना.

आणि दाराशी एक बाई बोलली. दमलेला, शांत आवाज.

"कोनी नही, भाऊ."

फट...

दांडा हलला.

फट... फट...

इंद्रसिंग सरपटायला लागला. कोटाचं टोक कशात तरी अडकलं आणि कोट मागे ओढला जायला लागला. ओढ वाढत गेली. त्याने एक बाही सोडवली, दुसरी सुटेना, खांदा दांड्याकडे चालला. तेव्हा घशातला बोळा सुटला, आणि जो आवाज निघाला तो साहेबाचा नव्हता, ब्राह्मणपुरीच्या शेतातला होता.

"शे... मझार मी शे... मी शे..."

घरघर मंदावली. पट्टा सुटून जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, आणि सगळं थांबलं.

तो रांगत बाहेर आला तेव्हा युसुफ दाराशी भिंत धरून उभा होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"खुंटी रिकामी व्हती, साहेब. वाटनं, तुम्ही बाहेर निंघी गयात. हाक मारी, ते बाई बोलनी, कोनी नही. मी पट्टा चढाया. अन् मंग... मंग मन्ह्या ध्यानमा उनं, तो आवाज कोना शे."

खुंटीवर मफलर नव्हता.

युसुफने आत हात घालून दांड्याला गुंडाळलेला कोट ओढून काढला. चिंध्या झाल्या होत्या. एक खिसा तेवढा शाबूत होता, आणि त्या खिशात ती हिरवी चुंबळ होती, घातली होती तशीच. इंद्रसिंगने ती हातात घेतली. अजून कोमट होती. तिने ती नेली नव्हती. दुसऱ्याचा हात लागलेली चुंबळ तिने घेतली नव्हती.

फाटकापाशी भिकुबाई उभी होती. हातातली भाकरी तशीच धरून, रस्त्याकडे तोंड करून. इंद्रसिंग अडखळत तिच्याजवळ गेला.

उन्हात रस्ता पांढरा दिसत होता. दोन्हीकडे वेचून झालेली कपाशीची शेतं. त्या रस्त्यावरून एक बाई गावाकडे चालली होती. डोक्यावर पाटी. हिरवं लुगडं, त्याला रुईचा भुगा चिकटलेला. आणि पाटीखाली, नीट वळून चुंबळ केलेला, विटकरी मफलर.

"दगू..." भिकुबाईने हळू हाक मारली. "ओ दगू..."

बाई थांबली. मान वळवली नाही. डोक्यावरचं ओझं सावरायला तिचा हात वर गेला, पाटी सारखी झाली, आणि ती घराच्या वाटेने चालू लागली.