पार्सलची वही

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे बसा. एवढी बॅग बंद करतो आणि सांगतो. दोन्ही खटके लागले, पाहिलंत ना? लक्षात ठेवा. दोन वाजायला अजून वेळ आहे, तेवढ्यात सांगून होईल.

तलासरीला बदली होण्याआधी मी डहाणूला गुरांचा डॉक्टर होतो. बासष्टच्या एप्रिलमधली गोष्ट. रानशेतला बैलांना बुळकांडीची लस टोचून सायकलने परत येत होतो. एकच काम उरलं होतं, कुसुमबाईंच्या कुत्र्याला झोपवायचं. 'झोपवणं' हा आमचा शब्द. बोलायला बरा पडतो.

तोवर मी अशी बरीच जनावरं झोपवली होती. सुरुवातीला जेवण जायचं नाही. मग मी एक रीत घालून घेतली. मालकाला एक वही करायला सांगायचो. जनावर काय खातं, उठतं का, कण्हतं कधी, ते आठ दिवस वेळ घालून लिहायचं. आठांतले पाच दिवस वाईट निघाले की सुई. म्हणजे निर्णय वहीचा, माझा नाही. लोक म्हणायचे, डॉक्टर मोठे दयाळू, घाई करत नाहीत. खरं सांगायचं तर मला तेव्हा दया येत नव्हती, वाईटही वाटत नव्हतं. आत काही हलतच नव्हतं.

कुसुमबाईंचे यजमान रेल्वेत पार्सल क्लार्क होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. एकदा मालधक्क्यावरच्या बेवारस करंडीत त्यांना एक पिल्लू सापडलं. मालक येईपर्यंत ठेवतो, म्हणून घरी आणलं, त्याचं नाव पार्सल पडलं आणि ते चौदा वर्षं राहिलं. तात्या आदल्या पावसाळ्यात पोटातल्या गाठीने गेले, फार हाल होऊन, मागच्या खोलीतल्या खाटेवर. तेव्हापासून कुत्रा त्या खाटेखालून हलत नव्हता.

मी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. चिकूच्या वाडीत पान हलत नव्हतं. वाडीवरचा म्हातारा गडी लडक्या झाडाखाली खड्डा खणत होता. पार्सलला सकाळीच ओटीवर आणून गोणपाटावर निजवलं होतं. मागचे पाय गेलेले, अंगावर जखमा. मला पाहून त्याने शेपटी आपटली. डोळे अगदी स्वच्छ होते. मी खाली बसून त्याच्या छातीला कान लावायला हवा होता. मी हात पुढे केला आणि वही मागितली.

अक्षर सुरेख होतं. आठही दिवसांच्या पानांवर तेच. दुपारी दोन, कण्हणे. सव्वादोन, कण्हणे. तीन, थांबले.

"खातो का?" मी विचारलं.

"हातानं भरवलं तर भाकरीचा तुकडा घेतो. पण ते कण्हणं ऐकवत नाही हो. दोन वाजले की सुरू. तेव्हा मला त्या खोलीत पाऊल टाकवत नाही, इथनंच ऐकून लिहिते." कुसुमबाई पदराची कड बोटाला गुंडाळत होत्या. "ह्यांचंही असंच असायचं. म्हणायचे, कुसुम, सोडव मला. मी काय करणार होते? निदान ह्याला तरी…"

लडक्या पायरीशी येऊन उभा राहिला. हाताला माती तशीच.

"डाक्तर, यो कुतरा कदी कन्हला नाय."

"तू वाडीत असतोस. तुला काय ऐकू येणार?"

"वाडीत बी येतं ऐकू. म्हनून तर सांगतो…"

तो कुत्र्याकडे बघत नव्हता, माजघराच्या दाराकडे बघत होता. मला जेवायला उशीर होत होता. आठांतले आठ दिवस वाईट होते. मी बॅग उघडली.

पार्सलने त्रास दिला नाही. कुसुमबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांच्या बोटाला लागलेली भाकरी चाटत होता, चाटता चाटता थांबला. मी नाडी पाहिली, सुई पुसून बॅगेत ठेवली. लडक्याने टोपी काढली.

मग आतल्या घड्याळाने दोनचे ठोके दिले.

आणि मागच्या खोलीतून कण्हणं आलं.

लांबलचक, पोटातून ओढल्यासारखं. खाट करकरली. फिनेलचा आणि आंबलेल्या पेजेचा वास ओटीपर्यंत आला. आम्ही तिघंही ओटीवर होतो, घरात चौथं माणूस नव्हतं, आणि माझा हात अजून कुत्र्याच्या गार होत चाललेल्या मानेवर होता.

कुसुमबाईंनी तिकडे पाहिलं. दूधवाला समजून दार उघडावं आणि पोस्टमन निघावा, तेवढ्याच सहज सुरात म्हणाल्या,

"म्हणजे पार्सल नव्हता."

त्यांनी वही ओढून घेतली आणि लिहिलं, दोन, कण्हणे.

"तात्या ऱ्हायला होता कुतऱ्याच्या सोबतीला," लडक्या हळूच म्हणाला. "आता कोनाच्या पाठी जाईल…?"

दुसरं कण्हणं माजघरातून आलं. तिसरं उंबऱ्यावरून. चौथं माझ्या गुडघ्याशी, जिथे बॅग होती तिथे. त्यात शब्द होता. अगदी हळू, विनवल्यासारखा.

"सोडव…"

मी घाबरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ती भीती होती. बॅग उचलली, सायकलला अडकवली आणि मागे न बघता निघालो. त्या कुत्र्यावर मूठभर माती टाकायलाही थांबलो नाही, ह्याची लाज अजून वाटते.

नवव्या दिवशी टपालाने वही आली. पुढची आठ पानं भरलेली. दुपारी दोन, काही नाही. सव्वादोन, काही नाही. शेवटच्या पानावर खाली चार ओळी होत्या. त्या मला पाठ आहेत.

'डॉक्टरांस, घर शांत झालं. मी आता मागच्या खोलीत निजते. हे तुमच्याबरोबर आले असतील, तर पाणी जरा कोमट द्यावं. गार त्यांना सोसत नाही.'

ती वही वाचायच्या आधीच आठ दिवस, दुपारी दोनला बॅगेतून कण्हणं आलं की मी पाणी ठेवत होतो. गार ठेवत होतो. म्हणून कण्हणं थांबत नव्हतं.

सात वर्षं झाली. तलासरीला बदली झाली, तेव्हा वाटलं, सुटलो. सामानाच्या ट्रकमध्ये दोन वाजले आणि कळलं, सुटलो नाही. त्यानंतर मी एकही जनावर वहीवरून झोपवलं नाही. जमिनीवर बसतो, कान लावतो, त्याचं ऐकतो. फार वाईट वाटतं, जेवण जात नाही. बरंच आहे ते. पण ह्या एकासाठी माझ्याजवळ सुई नाही हो. तो रोज मागतो आणि मी रोज वाडगा भरतो. कुत्रा होता तोवर त्याला सोबत तरी होती. तीही मीच नेली.

वाजले दोन. उठू नका, आपल्याला काही करत नाही. तो वाडगा तेवढा इकडे सरकवा. कोमटच आहे ना, बोट घालून बघा.

आणि ती बॅग बघा. मघाशी तुमच्यासमोर दोन्ही खटके लावले होते ना मी?