मुनीबचा गळा

त्या दुपारी मी छावणी भागात गेलो होतो, तो माझा ड्रमसेट परत आणायला. शिंप्याच्या दुकानामागं आमची तालमीची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, त्यांचा कायम कोंदट वास. वीस वर्षं आम्ही तिघं तिथं डेथ मेटल नावाचं रॉक वाजवत आलो, जुन्या वळणाचं, गुरगुरत्या गळ्याचं. तो गळा मुनीबचा. एप्रिलमध्ये सिल्लोड रोडला गाडी उलटून तो गेला आणि नवा अल्बम चार गाण्यांवरच अडला.

मला वाटलं, संपलं. पण गिटारवाल्या विश्वजीतनं जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरकडून मुनीबचा आवाज बनवून घेतला आणि पाचवं, शेवटचं गाणं स्वतः रचून त्याला म्हणायला लावलं. मुनीबच्या बहिणीला, सदफला, विचारलंसुद्धा नाही. हे कळलं, म्हणून ड्रमसेट आणायला जाताना मी तिला सोबत घेऊनच गेलो.

गाणं होतं त्या अपघातावर. मेलेल्या माणसाकडून त्याचंच मरण गाऊन घ्यायचं? मी विश्वजीतला लई बोललो. ही श्रद्धांजली आहे, असं खाली बघत म्हणत त्यानं गाणं लावलं.

गुरगुर सुरू झाली. हुबेहूब. सदफनं ओढणी तोंडाशी धरली. मग गिटार थांबली, ड्रम थांबले, नुसता श्वास ऐकू यायला लागला. खोलीत पेट्रोलचा वास पसरला. आणि मुनीब घरात बोलायचा तशा साध्या आवाजात बोलला...

"विशू... गाडी आहिस्ता चला रे..."

मुनीब एकटाच गाडी घेऊन निघाला होता, असं याच विशूनं, विश्वजीतनं, आम्हाला सांगितलं होतं. पोलिसांनाही तेच.

विश्वजीतनं वायर उपसली. स्पीकरचा दिवा विझला. आवाज थांबला नाही.

"मेरेकू छोड को... नक्को जा..."

मग सगळं शांत झालं. सदफ उठून विश्वजीतसमोर उभी राहिली.

"विशूभाई, तुम्ही होता तिथं?"

हातातली वायर खाली टाकत तो म्हणाला, "व्हय."

तिच्या भावाला रस्त्यावर तडफडत टाकून हा पळाला होता, आणि वर त्याच्यावर गाणं रचलं होतं. संध्याकाळी मीच त्याला पोलीस स्टेशनात नेलं. तिथं त्यानं सगळं कबूल केलं.

पुढं सदफच्या परवानगीनं, मुनीबनं जिवंतपणी गायलेली चारच गाणी घेऊन अल्बम काढला. ते पाचवं मी माझ्या हातानं पुसलं.

अल्बममध्ये चारच गाणी आहेत, तरी ऐकणाऱ्यांचे मेसेज येतात. काल अजिंठ्याहून आला. सगळ्यांचं विचारणं एकच: पाचव्या गाण्यात मुनीबच्या मागं रडते, ती बाई कोण?

विश्वजीत शपथेवर सांगतो, गाडीत तो आणि मुनीब, दोघंच होते.